जुनी एअर रायफल दर वर्षी खाली मारायला लागते? आधी तेलाची बाटली लपवा

आधी दुखणं सांगतो, म्हणजे ज्याचं सेम टू सेम असेल त्यानंच पुढं वाचावं. आजोबांची एअर रायफल आहे, देशी, जुन्या जर्मन डायना ३५ च्या धर्तीची, म्हणजे नळी सांध्यातून खाली मोडून स्प्रिंग भरायची आणि छर्रा घालायचा ती. ४.५ मिमी बोअर, म्हणजे नळीचं भोक. दर वर्षी पावसाळा संपला की मी ती माळ्यावरून काढतो, गच्चीवर दहा मीटर मोजून टार्गेट लावतो, पहिले दोन-चार दिवस बरी चालते आणि मग छर्रे हळूहळू खाली यायला लागतात. साइट (नेम धरायची खाच) वर केली की दोन दिवस बरं, परत खाली. मग घरातलं कुणीतरी म्हणतं अरे तेल घाल दोन थेंब, आजोबा घालायचे. घातलं की पहिला बार असा काही वाजतो की शेजारच्या काकू गॅलरीत येतात, नळीतून निळा धूर निघतो, छर्रा टार्गेटच्या वर जाऊन पुठ्ठ्यात बसतो, आपण खूश की बघा ताकद आली, आणि आठवड्यात गाडी पुन्हा मूळपदावर, उलट पहिल्यापेक्षा खाली.

असं तीन वर्षं चाललं. तीन वर्षं मी तेल घालत होतो, आणि दुखणं तेलाचंच होतं हे कळायला आमच्या इंदुरात रामबागेतून रानीपुऱ्यात, रानीपुऱ्यातून सियागंजात अशा किती फेऱ्या झाल्या ते विचारू नका.

भाचा शाळेच्या टीममध्ये दहा मीटर रायफल मारतो, त्याच्या खोलीत खरगोनच्या नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरचा फोटो आहे, तो एक दिवस गच्चीवर आला, पाच छर्रे मारले आणि म्हणाला "मामा, तुझी गन मूडी आहे." मला राग आला पण बोलला ते खरं होतं. फक्त त्याची मॅचची रायफल वेगळी, तिच्यात आधीच दाबून भरलेली हवा असते, धक्का जवळजवळ नाहीच. आपल्या स्प्रिंगवालीत ट्रिगर दाबला की एक जड पिस्टन पुढं धावतो, बंदूक आधी मागं येते आणि पिस्टन शेवटाला आदळला की पुढं जाते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे कुठंही काही सैल असलं, सुकलं असलं, गळत असलं की ते सरळ टार्गेटवर लिहून येतं.

आणि टार्गेटवर ते कसं लिहून येतं हे वाचता आलं तर निम्मं काम झालं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते. दहा छर्रे एकाच जागी नेम धरून मारा, साइट अजिबात हलवू नका, कितीही खाली जाऊ द्या. छर्रे उभ्या रेषेत वरखाली पसरले तर बहुतेक वेळा वेग कमीजास्त होतोय, म्हणजे हवा गळतेय, तेल जळतंय नाहीतर छर्रेच एकसारखे नाहीत. आडवे पसरले, डावीकडं-उजवीकडं, तर काहीतरी सैल आहे, नळीचा सांधा, कुंद्याचे (लाकडी दस्त्याचे) स्क्रू, साइट, नाहीतर आपला धरायचा हात. दोन्हीकडं पसरले तर दोन्ही आजार आहेत, माझ्याकडं होते.

उभ्याचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा, मजा येते. छर्रा सेकंदाला १७० मीटरनं गेला तर दहा मीटरला त्याला साधारण ०.०५९ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो १७ मिमी खाली पडतो. तोच वेग १४० झाला तर २५ मिमी पडतो. म्हणजे ८ मिमीचा फरक, आणि दहा मीटर रायफलच्या टार्गेटवर एक रिंग अडीच मिमीची असते, म्हणजे नेम तोच, हात तोच आणि तीन रिंगा गेल्या. १२० ला आला तर ३४ मिमी, मग तर काळ्या गोलातूनच बाहेर. मी तीन वर्षं स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होतो, चष्म्याचा नंबर बदलून आणला.

वेग मोजायचं मशीन माझ्याकडं नाही, पण मोबाइल आहे. मोबाइल नळीच्या तोंडाजवळ बाजूला ठेवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं, टार्गेटच्या मागं पत्र्याचा डबा लावायचा म्हणजे लागल्याचा आवाज स्पष्ट येतो (छर्रा परत उडणार नाही अशा बेतानं, डबा चिंध्यांच्या पेटीत आत ठेवायचा, चष्मा घालायचा). मग ते रेकॉर्डिंग आवाज कापायच्या कुठल्याही फुकट ॲपमध्ये उघडलं की दोन शिखरं दिसतात, एक बाराचं, एक डब्याचं. मधला वेळ मोजा. त्यातून आवाज दहा मीटर परत यायला लागतो तो वेळ, साधारण ०.०२९ सेकंद, वजा करा. उरला तो छर्र्याचा वेळ. दहाला त्यानं भागा, सरासरी वेग आला. माझं पहिलं रेकॉर्डिंग ०.१०८ आलं, म्हणजे छर्र्याला ०.०७९, म्हणजे १२७ च्या आसपास. पुढचं १४१. त्यापुढचं ११८. हा आकडा लॅबइतका बारीक नाही पण आपल्याला तो नकोच आहे, आपल्याला फक्त कळायला हवं की दर बाराला वेग नाचतोय का. नाचत होता.

आता मी काय काय तपासलं ते, आणि ज्या क्रमानं तपासायला हवं होतं त्या क्रमानं, कारण मी स्वतः उलटा गेलो, आधी महागाचं केलं आणि मग फुकटचं.

कुंद्याचे स्क्रू. पुढं दोन बाजूंना दोन, आणि ट्रिगरच्या कडीपाशी एक-दोन. ह्या बंदुकीच्या दोन्ही बाजूंच्या धक्क्यानं हे सुटतातच, तक्रार नाही, स्वभाव आहे. आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाकूड फुगतं, दिवाळीनंतर सुकतं, म्हणजे ऑगस्टमध्ये घट्ट असलेला स्क्रू नोव्हेंबरमध्ये आपोआप सैल. माझे पुढचे दोन्ही बोटानं फिरत होते, बोटानं! खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, नाहीतर डोकं खराब होतं आणि जुन्या बंदुकीला तसा स्क्रू परत मिळत नाही. खाली दातेरी वायसर टाका, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावतात तो चिकट द्रव) एक थेंब लावा, आणि मुठीत जोर आणून पिळू नका, लाकूड चिरतं.

मग नळीचा सांधा. नळी बंद असताना टोकाला धरून डावीकडं-उजवीकडं हलवून बघा, टक टक झालं तर सांध्याचा बोल्ट ढिला आहे. दुसरी परीक्षा अशी की बंदुकीची स्प्रिंग भरल्यावर (इथं नळी हातातून सोडायची नाही, ट्रिगरला बोट नाही) नळी अर्ध्यावर आणली की ती तिथंच थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनानं खाली लोंबायला नको. लोंबली तर बोल्ट थोडा आवळायचा, पाव फेऱ्यापेक्षा कमी, परत बघायचं. छर्रे आडवे पसरण्याचं माझं अर्धं कारण हेच होतं.

हे लिहिताना एक गोष्ट सांगायलाच हवी. छर्रा घालताना एका हातानं नळी घट्ट धरून ठेवायची, नेहमी, शंभराव्या वेळीही. जुन्या बंदुकीत भरलेली स्प्रिंग अडवणारा खटका झिजलेला असतो, सुटला तर नळी चाकूसारखी वर येते, बोट जातं. आणि नळी उघडी असताना ट्रिगर कधीच दाबायचा नाही, नळी वर आपटते आणि वाकते, मग आयुष्यभर साइट फिरवत बसा. आणि रिकामी मारायची नाही, छर्रा नसला की पिस्टनपुढं हवेची गादीच तयार होत नाही, तो सरळ लोखंडावर आदळतो. पाहुण्यांची पोरं गच्चीवर आली की ते हेच करतात, भरतात आणि रिकामी सोडतात, म्हणून पाहुणे आले की रायफल कुलुपात.

आता हवेची गळती, आणि इथं खरी गंमत सुरू. नळी जिथं बंद होते तिथं तोंडाशी एक छोटा गोल वायसर असतो, जुन्यात चामड्याचा, नंतरच्यात रबराचा. तो दबून चपटा झाला की बार होताना हवा तिथून बाजूला फुटते. तपासायला एक पैसा लागत नाही. टिश्यू पेपरची बारीक पट्टी त्या सांध्यावर आडवी ठेवा, छर्रा घालून सुरक्षित पेटीत बार काढा. पट्टी जागची हलली नाही तर वायसर चांगला. माझी पट्टी फडफडली नाही, उडून तुळशीच्या कुंडीत पडली.

बदलायला सोपं असतं. जुना वायसर सुईनं उचकटून काढायचा, खाच कापडानं पुसायची, नवा असा बसवायचा की तो कडेपेक्षा किंचित, नखाला जाणवेल एवढाच वर राहील. खाली राहिला तर खाली पातळ पुठ्ठ्याची चकती टाका, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा छान चालतो. फार वर आला तर नळी बंद होताना जोर लागतो आणि नळीचा खटका नीट बसत नाही, तेही वाईट. ह्या एका गोष्टीनं माझा वेग ११८-१४१ वरून १३५-१५० वर आला. म्हणजे फायदा झाला, पण नाच पूर्ण थांबला नाही.

मग छर्रे. आपण स्वस्तातला डबा घेतो आणि समजतो छर्रा म्हणजे छर्रा. सराफ्यात एका ओळखीच्या दुकानात दुपारी, गर्दी नसताना, पन्नास छर्रे त्यांच्या काट्यावर एकेक करून टाकले, मालक हसत होते की सोनं सोडून शिसं तोलायला आलात. सगळ्यात हलका ०.४६ ग्रॅम, सगळ्यात जड ०.५५. तेवढ्याच ताकदीवर हलका वेगात जाणार, जड हळू, हिशोब केला तर साधारण नऊ टक्के फरक, म्हणजे दहा मीटरला साडेतीन मिमीच्या आसपास, एका रिंगेपेक्षा जास्त नुसत्या वजनाचा. घरी काटा नसला तर दुसरी युक्ती, काच थोडी तिरकी ठेवून वरून छर्रे घरंगळत सोडा, ज्याची मागची झालर चेमटलेली असते तो वळण घेऊन भलतीकडं जातो. तो बाजूला काढा. चांगला छर्रा नळीत घालताना बोटाला हलका विरोध करतो, आपोआप घसरून आत गेला तर डोकं लहान आहे, हवा बाजूनं निघून जाणार. आणि हो, छर्रे शिशाचे, हात साबणानं धुतल्याशिवाय पोह्याच्या बशीला हात लावायचा नाही, आमच्याकडं यावरून भांडण होऊन गेलंय.

इथपर्यंत आलो तरी वेग पंधरा-वीसनं हलतच होता, आणि दर तिसऱ्या-चौथ्या बाराला तो कर्कश आवाज आणि धूर. आता तेलाकडं येतो.

सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं की नाही? तेच इथं, फक्त डोळ्याची पापणी लवायच्या आत. पिस्टन हवा इतकी जोरात दाबतो की ती एका क्षणासाठी काहीशे डिग्री तापते. तिथं शिलाई मशीनचं तेल, थ्री-इन-वन टाइप तेल, नाहीतर कुठलंही खनिज तेलापासून केलेलं पातळ तेल असलं की त्याची वाफ पेट घेते. डिझेल इंजिन असंच चालतं, स्पार्क प्लग नसतो. तर आपण जिला ताकद समजत होतो ती आत होणारी आग होती. छर्रा जोरात जातो खरा, पण पेटलेली हवा पिस्टनला उलट मागं ढकलते, स्प्रिंग वेडीवाकडी होते, आणि मुख्य म्हणजे पिस्टनच्या डोक्यावरचा चामड्याचा वाटीसारखा वायसर कडेनं जळत जातो. जळालं की चामडं कडक, कडक झालं की हवा धरत नाही, हवा धरत नाही म्हणून छर्रा खाली, छर्रा खाली म्हणून आपण परत तेल. आजोबांचं बरोबर होतं बरं का, चामड्याच्या वायसरला ओलावा लागतोच, सुकं ठेवलं तरी तो मरतो. ते घालत होते ते तेल कुठलं होतं हे कुणी विचारलंच नाही, आम्ही आईच्या मशीनच्या ड्रॉवरमधली बाटली उचलली.

मधे एक वेगळंच प्रकरण झालं ते सांगतो. एका दुकानात दाखवली, नाव नको, त्यांनी वायसर बघितलाच नाही, म्हणाले स्प्रिंग बसलीय, हेवी स्प्रिंग टाकून देतो, पॉवर डबल. टाकली. भरताना खांदा दुखायला लागला, बार झाला की बंदूक हातात झणझणते, स्क्रू दोन दिवसांत सुटायला लागले, आणि वेग किती वाढला, तर सहा मीटर. सिलिंडर (पिस्टन धावतो ती आतली नळी) तेवढाच, हवा तेवढीच, वायसर फाटका, तर नुसती स्प्रिंग काय करणार, पिस्टन जोरात आदळून उसळी घेतो आणि ताकद तिथंच जाते. शिवाय आपल्याकडं बोअर ४.५ मिमी आणि छर्र्याची ताकद २० ज्यूलच्या आत आहे तोवरच एअर रायफलला लायसन्स लागत नाही, तेव्हा पॉवर डबल करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. (अर्धा ग्रॅमचा छर्रा १७० नं म्हणजे साडेसात ज्यूलच्याही खाली, टार्गेटला पुष्कळ झाले. पाखरं, खारी मारायचा विचार असेल तर हे वाचू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि त्याच्याही आधी लाज आहे.)

शेवटी एक म्हातारे मिस्त्री भेटले, पूर्वी महूला (इंदूरजवळचं लष्करी छावणीचं गाव) कामाला होते म्हणे. त्यांनी नळी उघडली, हवा यायच्या भोकाला नाक लावलं, आणि माझ्याकडं असं बघितलं जसं डॉक्टर विड्या ओढणाऱ्याकडं बघतो. "भिया, किसने पिलाया इसको इतना तेल?" मी गप्प. त्यांनी त्यांच्या शिकंज्यात धरून स्प्रिंग काढली. हे घरी करू नका, खरंच नका, आत स्प्रिंग दाबलेली बसवलेली असते, मागचं बूच सुटलं की ती तोंडावर येते, त्याला लांब स्क्रूचा शिकंजा लागतो. आतून काय निघालं तर काळं डांबरासारखं ग्रीस, आणि तो वायसर, कडेला बिस्किटासारखा करपलेला, बोटानं तुकडा पडला.

नवा वायसर मिळेना. मला वाटलं इंदूरमध्ये चामड्याला काय तोटा, आपली चामड्याची खेळणी जीआय टॅगवाली, घोडे-हत्ती, तिथं गेलो, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले आमचं चामडं पातळ, शेळी-मेंढीचं, हत्तीवर चढवायला बरं, तुमच्या बंदुकीत दोन दिवस टिकणार नाही, चपलेच्या तळाचं घ्या. मग एका चपला शिवणाऱ्याकडून तळाच्या जाड चामड्याचा तुकडा घेतला, जुन्या पद्धतीनं झाडाच्या सालीनं कमावलेला, क्रोमच्या रसायनाचा नाही. लेथवाल्यानं लोखंडाचा एक छोटा साचा करून दिला, वाटी आणि बत्ता असा. चामडं कोमट पाण्यात भिजवून साच्यात दाबायचं, दोन दिवस सावलीत तसंच आवळून ठेवायचं, निघतं तेव्हा वाटीचा आकार आलेला असतो, मग कड धारदार ब्लेडनं सरळ करायची आणि सिलिकॉन तेलात रात्रभर बुडवायचं. सिलिंडरमध्ये तो अंगठ्यानं ढकलला तर जाईल पण सोडला तर घसरणार नाही, एवढा घट्ट. माझा पहिला ढिला झाला, दुसरा बसला.

तेलाचं इथं नीट लक्षात घ्या, कारण सगळा घोटाळा इथंच होतो. पिस्टनच्या पुढं, जिथं हवा दबते, तिथं फक्त शुद्ध सिलिकॉन तेल, ट्रेडमिलच्या पट्ट्याला घालतात ते, बाटलीवर शंभर टक्के सिलिकॉन लिहिलेलं बघून घ्या, ते सहजासहजी पेटत नाही. तेही चामड्याचा वायसर असेल तरच, हवेच्या भोकातून एक थेंब, रात्रभर नळी वर करून उभी, वर्षातून दोनदा, बास. प्लॅस्टिकचा सील असेल तर बाहेरून काहीच घालायचं नाही. पिस्टनच्या मागं, स्प्रिंगला आणि नळी मोडायच्या दांड्याला, सिलिकॉन चालत नाही, लोखंड लोखंडावर घासतं तिथं ते टिकत नाही, तिथं काळं मॉली ग्रीस, कारच्या सीव्ही जॉइंटला लावतात ते, बोटानं पुसल्यासारखं पातळ. जास्त लावलं की ते पुढं सरकतं आणि परत धूर. बाहेरच्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून मशीनचं तेल फडक्यावर घेऊन पुसा, खुशाल, फक्त ते फडकं हवेच्या भोकाजवळ न्यायचं नाही.

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो, त्याला हे फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला. तिकडं तो सासऱ्यांच्या जुन्या सेमी-ऑटो (गोळी उडाली की पुढची आपोआप भरणाऱ्या) शिकारी रायफलीची काडतुसं घरी भरतो, तिथं ते कायदेशीर आहे. त्याची रायफल सारखी अडकायची, गोळी उडाली की रिकामं काडतूस अर्धं बाहेर येऊन थांबायचं. सगळे म्हणायचे काडतुसातली बंदुकीची दारू वाढव, ताकद कमी पडतेय. त्यानं आधी मोजमाप केलं. दुसऱ्या रायफलीत वापरलेली पितळी काडतुसं फुगून किंचित मोठी झाली होती आणि साच्यातून पूर्ण खाली दाबून मूळ मापाला आणलेलीच नव्हती, त्यात त्याच्या रायफलीचा चेंबर (काडतूस बसायची जागा) जुना आणि खरखरीत. दारू वाढवली असती तर काडतूस अजून घट्ट चिकटलं असतं, आणि जुन्या रायफलीचं काय झालं असतं ते वेगळंच. त्यानं पूर्ण साइझ करणारा साचा वापरला, लांबी कापून सारखी केली, चेंबर साफ केला, बंद झालं. म्हणजे तिकडं दारू आणि इकडं तेल, सल्ला देणारे सगळीकडं एकच.

तर वायसर नवा, स्प्रिंग परत साधी, आणि घरी आणून रेकॉर्डिंग केलं. पहिले पंचवीस-तीस बार थोडा धूर आला, नव्या चामड्यात तेल असतं म्हणून हलका धूर चालतो, कर्कश फाटका आवाज चालत नाही, दोन्हीतला फरक कानाला कळतो. त्यानंतर वेग १६३ ते १६९ मध्ये. साइट खाली आणली, तीन वर्षांत पहिल्यांदा.

नळी साफ करायचं राहिलं. फार करू नका. छर्र्याचं शिसं आत पातळ थरानं बसतं आणि ते बसलेलंच बरं असतं. नेम अचानक बिघडला तरच मऊ कापडाची चिंधी मासे पकडायच्या नायलॉनच्या दोरीला बांधून मागच्या बाजूनं ओढायची, लोखंडी सळई अजिबात नाही, नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा खराब होतात. साफ केल्यावर पहिले पंधरा-वीस छर्रे कुठंही जातील, घाबरून साइटला हात लावू नका.

आणि धरायचं कसं, हे भाच्यानं शिकवलं आणि मला आवडलं नाही पण बरोबर निघालं. मी पुढचा कुंदा विटेवर टेकवून, मागून खांद्यात दाबून, गच्च धरत होतो, की बाबा हलू नये. स्प्रिंगवालीला गच्च धरलं की दर वेळी धक्का वेगळ्या जागी अडतो आणि छर्रा वेगळीकडं जातो. उघड्या तळव्यावर नुसती ठेवायची, बोटं मिटायची नाहीत, खांद्याला हलकं टेकवायचं, आणि तिला हवी तशी उसळू द्यायची, फक्त तळवा दर वेळी त्याच जागी. विटेवर टेकवायचीच असेल तर मधे हात ठेवा. डावीकडं-उजवीकडंचा उरलेला अर्धा आजार इथं गेला.

आता ऋतूचं. मे महिन्यात माळ्यावर बेचाळीस डिग्रीत चामडं पापडासारखं सुकतं, म्हणून आता ती माळ्यावर जात नाही, खालच्या कपाटात, आत सिलिका जेलच्या पुड्या, स्प्रिंग सुटलेली, भरून ठेवायची नाही. जानेवारीत सकाळी आठ-नऊ डिग्रीला ग्रीस घट्ट असतं, चामडं आखडलेलं, तेव्हा पहिले बार हळू जातातच. काल सकाळी परत रेकॉर्डिंग केलं, पहिले दोन १५२ आणि १५७, तिसऱ्यापासून १६५ च्या वर. त्या पहिल्या दोघांसाठी आता टार्गेटच्या कोपऱ्यात वेगळं वर्तुळ काढलंय, पेन्सिलनं, ते मोजत नाही. बाटली आईच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये परत गेली आणि तिनं वरून रबर लावून चिठ्ठी अडकवलीय, बंदुकीसाठी नाही.